विरळा यंत्रे आणि डेल्फ्टची तबकडी
संगणक जिच्यावरून थेट सुरू होतो, ती इन्स्टॉलेशनची तबकडी नेहमीच्या पीसीसाठी बनवणे सोपे असते, कारण सुरुवातीचा प्रोग्राम तबकडीवर कोठे शोधायचा हे ‘एल टोरिटो’ या १९९५च्या मानकाने ठरवले आहे. विरळा यंत्रात मात्र प्रोसेसर किंवा ड्रायव्हर निराळा असला, की तयार तबकडी निरुपयोगी ठरते. ‘निक्सओएस’ या लिनक्स प्रणालीची मांडणी एल्को डोल्स्ट्रा यांनी २००८ साली, डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात असताना, सहलेखकासह प्रसिद्ध केली. तीत संपूर्ण प्रणालीचे वर्णन लिहिले जाते आणि त्यातूनच तबकडीची प्रतिमा, म्हणजे तिच्यावरील सर्व मजकुराची एकसंध फाइल, तयार होते. त्यामुळे हवा तो ड्रायव्हर वर्णनात जोडता येतो. अर्थात, मुळात ड्रायव्हरच लिहिलेला नसेल, तर हे वर्णनही हतबल ठरते.