टाकी, मायलेज आणि तोंडात गेलेले पेट्रोल

टाकी अर्धीच भरली की गाडी हलकी राहते आणि मायलेज वाढते, असे सांगणारे प्रत्येक पंपावर भेटतात. टाकी फुल असल्याशिवाय गाडी ‘ॲव्हरेज’ देत नाही, असे सांगणारेही तितकेच. या वादाचे गाडीला फारसे देणेघेणे नसते.

एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो. 10 लिटरची टाकी असलेल्या मोटारसायकलवर पूर्ण आणि अर्ध्या टाकीतला फरक पावणेचार किलोंचा. गाडी आणि चालक मिळून 180 किलो धरले, तर हे दोन टक्केच झाले. मायलेजमधला फरक त्याहून कमी, कारण इंजिनाची बरीच ताकद वजन ओढण्यात नव्हे, तर समोरची हवा कापण्यात जाते. कारच्या 40 लिटरच्या टाकीत हा फरक 15 किलोंचा. अमेरिकी सरकारच्या अंदाजानुसार कारमध्ये 45 किलो जादा वजन ठेवले की मायलेज सुमारे एक टक्क्याने घटते. त्या मापाने लिटरमागे 20 किलोमीटर देणाऱ्या कारला अर्ध्या टाकीचा फायदा होतो साठ-सत्तर मीटरचा! टायरमध्ये हवा कमी असेल, तर नुकसान याहून जास्त.

मग लोकांना फरक जाणवतो तो कशामुळे? मोजणीमुळे. शंभर रुपयांत आता लिटरभरही पेट्रोल येत नाही. तेवढे टाकून काटा कुठे आला आणि किती किलोमीटर झाले, यावर मायलेज काढले की चूक ठरलेलीच. काटा टाकीतल्या तरंगत्या गोळ्यावर चालतो, टाकीचा आकार वेडावाकडा असतो आणि गाडी साइड स्टँडवर कलली की पातळी बदलते. अहिल्यानगरजवळच्या वाहननगरची ‘व्हीआरडीई’ ही संरक्षण खात्याची प्रयोगशाळा जिल्ह्यात सर्वांना माहीत आहे. वाहनांच्या अधिकृत चाचण्या करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ती एक. अधिकृत चाचणीत काट्यावर कोणी विसंबत नाही. गाडी रोलरवर ठरलेल्या क्रमाने चालवतात आणि धुरातला कार्बन मोजून किती इंधन जळाले ते काढतात. घरच्या घरी करायचे, तर गाडी मेन स्टँडवर उभी करून नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, दोन-तीनशे किलोमीटर चालवावी आणि त्याच पंपावर पुन्हा तशीच भरावी. नोझल बंद झाल्यावर ‘अजून थोडे’ मात्र नको. नव्या गाड्यांत पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबा असतो, तो भिजून निकामी होतो. शिवाय वर येणाऱ्या वाफेत बेन्झीन असते आणि रक्ताचा कर्करोग घडवणारा पदार्थ म्हणून ते सिद्ध झालेले आहे.

खरा फरक टाकी किती भरली यापेक्षा टाकीत काय भरले याचा. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून निघणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत असते. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या 2021च्या अहवालात जुन्या बनावटीच्या कारसाठी सहा-सात आणि दुचाकींसाठी तीन-चार टक्के घट धरलेली आहे.

तरीही ‘रिझर्व्ह’वर गाडी पळवण्याची सवय सुटत नाही. इंजेक्शनच्या गाड्यांत इंधनपंप टाकीतच बसवलेला असतो आणि भोवतीच्या पेट्रोलमुळे तो थंड राहतो. करंजी किंवा चंदनापुरी घाटाच्या चढावर तळातले थोडेसे पेट्रोल एका बाजूला सरकते, पंप हवा ओढतो आणि गाडी बंद पडते. मग कोणी तरी थांबतो, त्याच्या टाकीत नळी सोडली जाते आणि दुसरे टोक तोंडात धरून ओढले जाते.

इथून पुढे प्रश्न मायलेजचा राहत नाही. शेतावर फवारणी पंपासाठी दुचाकीतून पेट्रोल किंवा इंजिनासाठी ट्रॅक्टरमधून डिझेल काढताना हेच होते. पेट्रोल पाण्यापेक्षा पातळ आणि झटकन पसरणारे. ठसका लागून थोडेसे जरी श्वासनळीत उतरले, तरी फुप्फुसात दूरवर पोचते. फुप्फुसातले बारीक फुगे उघडे ठेवणारा स्निग्ध थर ते विरघळवते, फुगे मिटतात आणि सूज येते. हा रासायनिक न्यूमोनिया. पोटात गेलेल्या पेट्रोलपेक्षा छातीत गेलेले थेंब कितीतरी घातक.

लहान मुलांचा धोका वेगळा. अडीअडचणीला म्हणून पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत पेट्रोल भरून ओट्याखाली ठेवले जाते. रंगावरून मुलाला ते सरबत वाटते. पंपावर सुटे पेट्रोल बाटलीत द्यायला मनाई आहे, पण घराघरांतल्या बाटल्या काही कमी होत नाहीत.

अशा वेळी घरचे लोक मिठाचे पाणी पाजतात, घशात बोटे घालतात. हे अजिबात करू नये. उलटी होताना पेट्रोल पुन्हा वर येते आणि फुप्फुसात शिरण्याची दुसरी संधी त्याला मिळते. दूध, तूपही पाजू नये. तोंड धुवावे, भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे, रुग्णाला विस्तवापासून लांब ठेवावे आणि 108ला फोन करावा. उलटी आपोआप झालीच, तर कुशीवर वळवावे. सोबत बाटली न्यावी, म्हणजे पेट्रोल होते की रॉकेल की कीटकनाशक, हे डॉक्टरांना कळते. कीटकनाशकाचे उपचार पूर्ण वेगळे असतात.

नळीने पेट्रोल काढायचेच असेल, तर रबरी फुग्याचा हातपंप मिळतो. तोंड लावायची गरज पडत नाही.

रुग्णालयात पोचल्यावर मुलगा हसत-खेळत असेल, तर आईवडिलांना घरी जायची घाई होते. पण पहिल्या तासातला एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. डाग नंतर उमटतात. म्हणून खोकला, धाप, ताप यांपैकी काहीही नसले, तरी किमान सहा तास रुग्णाला देखरेखीखाली ठेवतात.