मळ्या, मुरे आणि खवलचोर

सीमाभागातील आमच्या मुलांना माशांची नावे विचारली, तर ती रोहू, कटला अशी तळ्यात सोडलेल्या माशांची नावे सांगतात. ओढ्यात आणि नदीच्या उथळ पात्रात सापडणारे बोटभर लांबीचे सगळे मासे त्यांच्या लेखी 'बारकी मासळी'. आम्हा शिक्षकांना हा प्रश्न भाषेचाच वाटतो. नावच ठाऊक नसले, की दोन माशांतला फरक बघायचे कारणही उरत नाही.

मळ्या आणि मुरे घ्या. दोघेही तळाच्या दगडगोट्यांत राहणारे, मातकट रंगाचे. वरून पाहणारा हमखास फसतो. मासा हातात घेऊन उलटा करावा. मळ्याच्या खालच्या ओठामागे वाटोळी चकती असते. तिच्या जोरावर तो धावत्या पाण्यातही दगडाला धरून राहतो. मुऱ्याला ही चकती नाही. त्याच्या तोंडाभोवती मिशांच्या तीन जोड्या, अंगावर गडद पट्टे आणि शेपटीच्या बुंध्याशी, वरच्या अंगाला, काळा ठिपका.

शिंगटी आणि खवलचोर यांचेही तसेच. दोघांना मिशा आहेत, खवले नाहीत. पण शिंगटीच्या पाठीवर शेपटीच्या बाजूला एक लांब, मांसल, बिनकाट्याचा पर असतो. (तिच्या काट्याची ओळख जाळे सोडवणाऱ्या प्रत्येकाला आहेच!) खवलचोर अंगाने चपटा, आणि त्याचा पोटाखालचा पर शेपटीजवळपर्यंत गेलेला. हा पठ्ठ्या दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले तोडून खातो. त्याचे वागणे ज्यांनी पाहिले, त्यांनीच हे नाव ठेवले असणार.

ही नावे अडाण्यांची म्हणून सोडून देणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची वर्णने १८३९ साली प्रसिद्ध केली, तेव्हा मळ्या, मुरे, शिंगटी ही इथली नावेच शास्त्रीय नावांत घातली. पुढे १९५२ साली सी. व्ही. कुलकर्णी यांनी पंचगंगेतल्या माशाचे शास्त्रीय नावही 'खवलचोर' असेच ठेवले. म्हणजे जगभरचे अभ्यासक आजही हे मराठी शब्द लिहितात, आणि आमच्या नदीकाठच्या पोराला ते ठाऊक नाहीत. २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आम्हालाही झाला. पण ताम्रपट आणि ग्रंथ यांच्याइतकाच भोयाच्या तोंडचा शब्दही जुना असू शकतो, याचा विचार त्या गडबडीत फारसा झाला नाही.

कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्यांची याच माशांसाठी आपली नावे आहेत. तीही शेजारी लिहावीत. त्यात आपले काही जात नाही.

आमच्या समितीने गावोगावची नावे जमवायचे ठरवले आहे. वडीलधाऱ्यांना, भोयांना, बाजारात मासळीची पाटी घेऊन बसणाऱ्या मावशींना विचारून ती वहीत उतरवावीत. मात्र नुसते नाव नको. मिशा किती, ठिपका कुठे, तोंड कसे, मासा कोणत्या पाण्यात मिळाला, हेही लिहा. कारण एकच नाव दोन गावांत दोन माशांना असू शकते.