विहिरीतील तांबडी रेघ

देशावरच्या एखाद्या जुन्या, न बांधलेल्या विहिरीत वाकून पाहिले, तर वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, त्याखाली सुरुंगालाही सहज दाद न देणारा काळा पाषाण आणि क्वचित दोन थरांच्या सांध्यात विटेच्या रंगाची एक तांबडी रेघ, असा जो उभा छेद दृष्टीस पडतो, तो आपल्या मुलखाचा फार जुना दाखला होय. जमाबंदीच्या दप्तरात तो सापडावयाचा नाही.

ज्वालामुखी म्हटला की फुजीसारखा शंक्वाकृती पर्वत मनापुढे उभा राहतो. परंतु सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी येथे जे घडले, त्यात पर्वत उभारण्यापेक्षा पुसून टाकण्याचाच भाग मोठा होता. भूकवचाला पडलेल्या लांबच लांब भेगांतून उसळलेला पातळ लाव्हा, महापुराचे पाणी शिवारात शिरावे तसा, चोहीकडे पसरला आणि त्या काळच्या दऱ्या, टेकड्या व नद्यांची पात्रे गाडून त्याने सारा प्रदेश सपाट केला. हे एकदाच घडले नाही. एक थर निवाला, वाऱ्यापावसाने त्याचा पृष्ठभाग झिजून माती झाली, आणि मग दुसऱ्या लाव्हाने तिला झाकून भाजून काढले. विहिरीतील ती तांबडी रेघ म्हणजे दोन उद्रेकांमधील विसावा. असे थरावर थर साचून पश्चिमेकडे त्यांची जाडी २ किलोमीटरांहून अधिक झाली, आणि एवढी झीज होऊनही आज सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर भूमी या खडकाखाली आहे.

तेव्हा सह्याद्री हा ज्वालामुखीने रचलेला पर्वत नव्हे. तो या पठाराचा पाण्याने कोरलेला काठ आहे. कठीण थर कडा होऊन उभा राहिला, मऊ थर ढासळून उतार झाला, आणि डोंगरांना पायऱ्या पडल्या. भूशास्त्रज्ञ या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातील 'ट्रॅप' हा शब्दही जिन्याच्या स्वीडिश नावावरूनच आला. आपल्या गडांचे निम्मे तट लाव्हानेच बांधून ठेवले होते, असे म्हटल्यास गवंड्यांनी रागावू नये! वेरूळचे कैलास लेणे तर याच पाषाणात कळसापासून पायथ्याकडे खोदत नेलेले आहे.

विहिरीचे पाणीही या थरांच्याच स्वाधीन असते. मांजऱ्यात ते मुरते आणि साठते. काळ्या पाषाणात मात्र भेग लागली तरच झरा फुटतो, आणि म्हणून एकाच शिवारात एकाची विहीर उन्हाळाभर पाणी पुरवते, तर बांधापलीकडच्याची पाडव्यालाच तळ दाखवते.