दुर्बीण घेताना आकडे कसे वाचावेत?

पालक-शिक्षक मित्रांनो, मूल पक्षी बघायला लागलं किंवा रायफल शूटिंगच्या क्लासला जायला लागलं, की दुर्बिणीचा विषय निघतोच. दुकानदार मोठा आकडा दाखवतो आणि आपण भुलतो. म्हणून आधी आकडे समजून घेऊ या.

दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते. ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आता ४२ ला ८ ने भागा. उत्तर ५.२५ मि.मी. ही डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी. १०×२५ मध्ये ती फक्त २.५. म्हणूनच पहाटेच्या अंधुक उजेडात ८×४२ मधून पक्षी जास्त स्पष्ट दिसतो. शिवाय पहिला आकडा वाढला, की हाताची थरथरही तितकीच मोठी दिसते. मुलांना ८ पुरे.

रेंजवरची गरज वेगळी. पॉइंट टू-टू रायफलची गोळी जेमतेम ५.६ मि.मी. जाडीची. ५० मीटरवरच्या कागदी टार्गेटवर तिचं छिद्र बघायला स्पॉटिंग स्कोप लागतो. तो एका डोळ्याने बघायचा आणि ट्रायपॉडवरच लावायचा. २० पटीला टार्गेट अडीच मीटरवर आल्यासारखं दिसतं. ६० पटीला मात्र तापलेल्या हवेत चित्र थरथरतं.

विकत घेण्याआधी मुलाला स्वतः बघू द्या. त्याला चष्मा असेल तर तो लावूनच. आणि एक नियम घरात, शाळेत पक्का करा: दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवायची नाही. क्षणात डोळा कायमचा अधू होऊ शकतो.