बीज, क्षेत्र आणि घूस

मंडळी, घूस म्हणजे काय हे बीडच्या माणसाला सांगावं लागत नाही. भिंतीखाली उकरते, धान्य पळवते. आज मात्र आपण तिच्याकडे तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न घेऊन जाऊ: नवा जीव होतो, त्यात कुणाचा वाटा किती?

जुनं उत्तर आपल्याला पाठ आहे. पुरुष बीज, स्त्री क्षेत्र. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ही चर्चा आहे. तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटल म्हणतो, आकार पित्याकडून, द्रव्य मातेकडून. दोन्हीकडे स्त्री म्हणजे पेरणीची वाट पाहणारी जमीन.

आता उंदीर बघा. त्यांच्या अनेक जातींत मादी एकाच माजात एकाहून अधिक नरांशी जुगते. मग चुरस नरांपाशी थांबत नाही, ती शुक्रपेशींमध्ये लागते. १९७० मध्ये जॉफ पार्कर या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने कीटकांवरून ही कल्पना मांडली. तिच्यावरून असा अंदाज निघतो की, चुरस जितकी जास्त तितकी वृषणं मोठी आणि शुक्रपेशी घोटीव.

थोरल्या घुशीत उलट दिसतं. एवढ्या मोठ्या देहाला वृषणं लहान, आणि शुक्रपेशींची डोकी वेगवेगळ्या आकारांची, जणू कुणी नीट पारखलीच नाहीत. अभ्यासक अनुमान काढतात की इथे चुरस फारशी नसावी.

युरोपातल्या रानउंदराची वृषणं मात्र मोठी. त्याच्या शुक्रपेशीच्या डोक्याला आकडा असतो. आकड्यात आकडा अडकवून शेकडो, कधी हजारो पेशींची आगगाडी होते आणि ती सुट्या पेशीपेक्षा वेगाने जाते. हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. गंमत पुढे आहे. गाडी सुटते तेव्हा बऱ्याच पेशींचं फलनाचं सामर्थ्य आधीच खर्च झालेलं असतं. म्हणजे स्पर्धेच्या पोटातच सहकार्य.

आणि अंडपेशी? ती नुसती पडून नसते. शुक्रपेशीवरचं इझुमो हे प्रथिन २००५ मध्ये सापडलं. त्याला धरणारं, अंडपेशीवरचं जुनो हे प्रथिन २०१४ मध्ये. उंदराच्या मादीत जुनो नसेल तर फलनच होत नाही. दोन्ही बाजूंनी हात पुढे यावा लागतो. क्षेत्राचा दृष्टांत इथे मोडतो.

कुणी म्हणेल, उंदरांचं आपल्याला काय? २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे मुली होत्या ८०७. मुलगी झाली की आपल्याकडे बोल सुनेला लागतो. खरं तर शुक्रपेशी एक्स गुणसूत्र आणते की वाय, यावर ते ठरतं. म्हणून आता नवऱ्याला धरा, असं आपण म्हणत नाही. त्याच्याही हातात ते नाही. मुळात मुलगी होणं हा गुन्हाच नाही, तेव्हा गुन्हेगार शोधायचा कशाला?