जर्मन आणि नाटक : लोणावळा लोकलने

पुणे विद्यापीठात जर्मन शिकवणारा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. नाटकाचं ललित कला केंद्र मात्र गणेशखिंडीच्या आवारात. दोन्हींची सांगड विद्यार्थ्यालाच घालावी लागते. लोणावळा, मळवली, कामशेतच्या मुलांना लोकलने शिवाजीनगरला उतरलं की रानडे पायी गाठता येतं.

सांगड घालण्याजोगी सामग्री मराठीत भरपूर आहे. जर्मन नाटककार ब्रेख्तचं १९२८चं ‘थ्री पेनी ऑपेरा’ पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ करून आणलं, थिएटर अकॅडमीने १९७८मध्ये रंगमंचावर. त्याच्याच ‘कॉकेशियन चॉक सर्कल’चं चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘अजब न्याय वर्तुळाचा’ केलं. मूळ जर्मन शेजारी ठेवून ही दोन वाचणं, हाच खरा अभ्यासक्रम! बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ या नाट्यसंस्थेची बालनाटकंही १९८६पासून पुण्यात मराठीत रुजली.

भाषेचा धाक नको. ‘वाइल इश हुंगर हाबे’, म्हणजे ‘कारण मला भूक लागली आहे’. ‘हाबे’ आपल्या ‘आहे’सारखंच शेवटी येतं. मात्र साध्या वाक्यात ते पुढे सरकतं, आणि तिथेच मराठी जीभ अडखळते. ‘श्पीलेन’ या एकाच क्रियापदात खेळणं, वाद्य वाजवणं आणि भूमिका करणं, तिन्ही येतात. आपणही तमाशाचा ‘खेळ’च म्हणतो.

जर्मनीत शिकायला जायचं तर तिथल्या नाट्यशास्त्राच्या पदवीला बहुधा सी-१ पातळीचं जर्मन लागतं. त्यासाठी पहिल्या पातळीची, म्हणजे ए-१ची, तयारी बारावीतच सुरू करा.