स्कूबा येतं म्हणताय? मग दाखवा बघू!

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. आजचा विषय आहे एक साधा प्रश्न. अंदमान असो की मालदीव, डाइव्ह सेंटरच्या काउंटरवर तो विचारतातच: "आतापर्यंत किती डाइव्ह झाल्या? शेवटची कधी?"

या प्रश्नाला मी एकदा खोटं उत्तर दिलं होतं. ते कसं अंगाशी आलं ते सांगतेच, पण आधी एक नेहमीचा गोंधळ मिटवू.

मालवण-तारकर्लीला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, "स्कूबा केलंय का?" लगेच उत्तर येतं, "हो, व्हिडिओपण आहे!" मजा खरीच आहे हो. पण ती झाली ट्रायल डाइव्ह. तिथं इन्स्ट्रक्टर सतत तुमच्याजवळ असतो. किती खोल जायचं, हवा किती उरली, सगळं तोच बघतो. नंतर मिळतो तो कागद भाग घेतल्याचा. त्यावर कुणी तुम्हाला डाइव्हर मानत नाही. त्यासाठी ओपन वॉटर कोर्स लागतो: थिअरी, पूलमधला सराव आणि मग समुद्रातल्या चार डाइव्ह. पॅडी, एसएसआय अशा संस्थांचं हे सर्टिफिकेशन जगभर चालतं. ओपन वॉटरला मर्यादा १८ मीटरची, अ‍ॅडव्हान्स्ड केलं की ३० मीटरची.

आता अनुभव सिद्ध करायचा कसा? पुरावे तीन.

पहिला पुरावा: कार्ड

हे सोपं. आता कार्ड फोनमधल्या अ‍ॅपवरच असतं. पण बेटावर नेटवर्क कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवा. कार्ड हरवलं तरी घाबरू नका, संस्थेकडे तुमची नोंद असते. नाव आणि जन्मतारखेवरून ती शोधता येते. म्हणूनच कोर्सला नाव देताना स्पेलिंग पासपोर्टवर आहे तसंच द्या. आणि नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा वापरायची असेल, तर त्याचं कार्ड वेगळं. ते नसेल तर नायट्रॉक्स मिळणार नाही.

पण कार्ड फक्त एवढंच सांगतं की तुम्ही कधीतरी शिकलात. गाडीचं लायसन्स आहे म्हणून कुणी तुम्हाला भर पावसात वरंधा घाट उतरायला आपली गाडी देईल का? तो आधी विचारेल, "घाटात कधी चालवलीय?"

दुसरा पुरावा: लॉगबुक

लॉगबुक म्हणजे डाइव्हची रोजनिशी. तारीख, जागा, कमाल खोली, किती मिनिटं खाली होतात, टँकमध्ये हवा सुरुवातीला किती बार होती, शेवटी किती उरली, करंट होता का, किती किलोचं वजन लावलं. खाली बडीची किंवा इन्स्ट्रक्टरची सही, सेंटरचा शिक्का.

हे सगळं लागतं कशाला? बघा, समुद्राच्या पृष्ठभागावर हवेचा दाब १ वातावरण असतो. १० मीटर खाली तो २ होतो, ३० मीटरवर ४. म्हणजे ३० मीटरवरच्या एका श्वासाला वरच्यापेक्षा चौपट हवा लागते. त्यात घाबरून श्वास वाढला की टँक बघता बघता रिकामा. "४० मिनिटं, शेवटी ७० बार" ही नोंद वाचली की गाइडला कळतं, तुम्हाला कुठं न्यायचं आणि कुठं नाही.

आता माझी गोष्ट. कार्डावर अ‍ॅडव्हान्स्ड होतं, पण एकूण डाइव्ह ११. त्यातल्या ९ कोर्समधल्याच. शेवटची दोन वर्षांपूर्वीची. अंदमानला सगळ्यांना डिक्सन्स पिनॅकलला जायचं होतं, ती खोल जागा आहे. मी फॉर्मवर ११ च्या २५ केल्या, आणि लॉगबुक घरी राहिलं म्हणून सांगितलं. खाली गेल्यावर करंट लागला. मी दोरी घट्ट धरली आणि धापा टाकायला लागले. विसाव्या मिनिटाला माझ्याकडे ५० बार! गाइडनं स्वतःचा जादाचा रेग्युलेटर माझ्या तोंडात दिला आणि अख्ख्या ग्रुपला वर घेतलं. मला काही झालं नाही. पण बाकी चौघांची डाइव्ह माझ्यामुळे बुडाली. बोटीवर गाइडनं हळूच विचारलं, "ताई, खरंच किती झाल्यात?" ते ऐकून मान वर करवेना.

तुमचं लॉगबुक राहून गेलं असेल तर आज बसा. फोटोंच्या तारखा, सेंटरचे मेल, पावत्या काढा आणि नोंदी लिहा. मागाहून लिहिल्यात तर तसं स्पष्ट लिहा, त्यात लाज नाही. डाइव्ह कॉम्प्युटर असेल तर खोली आणि वेळ त्यात आपोआप साठते, ती फोनवर घेता येते. सबसर्फेस नावाचं मोफत अ‍ॅप आहे. ते सुरू केलं लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सनं, तो स्वतः डाइव्हर आहे!

तिसरा पुरावा: चेक डाइव्ह

कार्ड, लॉगबुक दोन्ही दाखवलं, तरी अनेक सेंटर पहिली डाइव्ह उथळ, शांत पाण्यात ठेवतात. मास्कमधलं पाणी काढा, सुटलेला रेग्युलेटर परत तोंडात घ्या, तळाला न टेकता एका जागी तरंगून दाखवा. यात अपमान वाटून घेऊ नका. हा एकच पुरावा आजचा आहे, बाकी दोन्ही जुने. सहा महिने-वर्षाचा खंड पडला असेल तर बरीच सेंटर रिफ्रेशर करायला सांगतात. नाही सांगितलं तरी तुम्हीच मागा.

आणि हे सगळं काउंटरवर नको, बुकिंगच्या आधी व्हॉट्सअ‍ॅप करा. असं काहीसं: "ओपन वॉटर, २०२३. एकूण १४ डाइव्ह, शेवटची फेब्रुवारीत नेत्राणीला, कमाल १६ मीटर. करंटमध्ये कधी केलेली नाही." सोबत कार्डाचा आणि लॉगबुकच्या शेवटच्या दोन पानांचा फोटो. मेडिकल फॉर्मही आधीच मागवून घ्या. दमा वगैरे असेल तर डॉक्टरची सही लागते, आणि ती बेटावर शोधत बसायला नको.

जाता जाता एक सांगते. जास्त प्रश्न विचारणाऱ्या सेंटरचा राग येतो, मलाही यायचा. पण तुमच्यासोबत तीच माणसं खाली येणार असतात. कुणी काहीच न विचारता "चला, ३० मीटरला जाऊ" म्हणालं, तर पैसे देऊ नका, चपला घाला आणि निघा.

तुमच्या लॉगबुकात किती डाइव्ह झाल्यात? खरा आकडा कळवा हं! भेटू पुढच्या भागात.